यंत्र बंद असताना

४ जून

प्रिय फूटपट्टीस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कटकट.

फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. आईनं आपल्याला पत्रं लिहायची सवय लावली ती उगाच नाही. पत्रात निदान तू मध्येच बोलत नाहीस.

तर ऐक. आमच्या इस्पितळात नाक-घशाच्या ऑपरेशनसाठी नवा शेव्हर घ्यायचाय. तीन कंपन्यांनी एकेक यंत्र वापरून बघायला ठेवलंय, आणि कुठलं घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीच्या डोक्यावर मला बसवलंय. शेव्हर म्हटल्यावर तू दाढीचा समजशील म्हणून सांगतो. जाडसर पेनासारखा एक हँडपीस, त्याच्या पुढे बारीक पोकळ नळी, नळीच्या टोकाला छोटी खिडकी आणि खिडकीत फिरणारं पातं. पायानं पेडल दाबलं की नाकात वाढलेला मऊ कोंब त्या खिडकीत ओढला जातो, कापला जातो आणि नळीतूनच बाहेर येतो. पूर्वी हेच आम्ही चिमट्यानं ओरबाडून काढायचो. आप्पा दुकानात वस्तऱ्यानं जी सफाई करायचे ती मी नाकाच्या आत करतो, एवढंच. न्हाव्याच्या पोराला दुसरं काय येणार!

तिन्ही यंत्रांना आमच्या थिएटरच्या सिस्टरनं नावं ठेवलीत. एक जाड्या, एक काटकुळा, आणि एक सारखा टुंग टुंग करतो म्हणून बोलका. माणसाच्या नाकात घालण्याआधी आम्ही ती अंड्यावर चालवून बघतो. कच्चं अंडं मेणात बसवायचं, घासायचं टोक लावून कवच घासत न्यायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. जाड्यानं माझा पापुद्रा फाडला. पुन्हा केलं, पुन्हा फाडला. टोक थरथरतं गं त्याचं! धाकटीनं एक अंडं अख्खं घासून दाखवलं, पण तिचं नशीब नेहमीच जोरावर असतं. (धाकटी म्हणजे माझ्या हाताखाली शिकून आता माझ्याच शेजारच्या टेबलावर ऑपरेशनं करणारी. उंचीनं माझ्या डोक्यावर आहे, पण धाकटीच.)

तुझ्या प्रयोगशाळेत दिवसभर थरथरच मोजता ना तुम्ही? इस्पितळाकडून रीतसर चिठ्ठी घालून जाड्या तुझ्याकडे पाठवतोय. त्याची खोड काढून दे, म्हणजे कंपनीवाल्याच्या तोंडावर मारता येईल.

आमच्या शेंबडीबाई कशा आहेत? तिला सांग, ऑगस्टच्या सुटीत तिचं नाक मोकळं करतो. मी स्वतः. दुसऱ्या कुणाला मी माझ्या भाचीच्या नाकाजवळ फिरकू देणार नाही.

तुझा,
दादा


१२ जून

प्रिय दादास,

साष्टांग नमस्कार.

तुझा जाड्या आला, त्याला शिकंज्यात आवळला, पाच निरनिराळ्या वेगांवर चालवला. रागावू नकोस, पण तो अगदी गरीब गाय आहे. मोटरची जी बारीक भुरभुर असायची तेवढीच आहे. टोकापाशी तर तीही नाही. पातं नीट बसवलं होतंस का? त्याच्या खाचेत ते थोडं तिरकं बसलं तर थरथरतं, हे मी दुसऱ्या एका यंत्रात पाहिलंय. सिस्टरना एकदा बघायला सांग.

शेंबडीबाईंचा नवा पराक्रम. काल दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचा तळ काळा झाला, घरभर धूर. आणि ही शेजारच्याच खुर्चीत बसून पुस्तक वाचतेय! म्हणाली, "आई, मला डोळ्यांना झोंबलं म्हणून कळलं." सोळा वर्षांच्या पोरीला कशाचाही वास येत नाही, दादा. हसण्यावारी नेते ती, पण परवा मैत्रिणीकडे जायच्या आधी मला तीनदा विचारलं, माझ्या कपड्यांना घामाचा वास येतोय का गं. दिवस मोजतेय ती. मामाच करणार म्हणून निर्धास्त आहे, बापाला सांगत होती, "मामाचा हात म्हणजे मशीन आहे."

तब्येतीला जप. वहिनी माहेरी गेली की तू नुसत्या चहावर राहतोस, हे मला कळतं.

तुझी,
फूटपट्टी


२० जून

फूटपट्टीस,

पातं सिस्टरनं बसवलं, मी बसवलं, कंपनीच्या माणसानं बसवलं. थरथरतं ते थरथरतंच. काटकुळाही तसाच. बोलक्यानं तर आज कहर केला. जिवंत माणसाच्या नाकात असताना त्याचं टोक असं हललं की मी पेडलवरून पाय काढून ते बाहेर घेतलं, आणि उरलेलं जुन्या चिमट्यानं उरकलं. पेशंटला काही झालं नाही. मला घाम फुटला.

तुमचा शिकंजा ऑपरेशन करतो का? लोखंडाच्या जबड्यात आवळल्यावर भुईचक्रसुद्धा शहाण्यासारखं बसेल! हातात धरल्यावर काय होतं ते मोज, मग मला शिकव.

मी तिन्ही यंत्रं नाकारा असंच लिहिणार आहे. तसं केलं तर खरेदी पुढच्या वर्षावर जाते आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं तोंडानं श्वास घेत आणखी एक वर्ष थांबतात, हे मला ठाऊक आहे. पण नाकाची पोकळी आणि डोळा यांच्या मध्ये जे हाड असतं ते कागदाएवढं पातळ. शेंबडीचा स्कॅन पाहिलास ना? तिचे कोंब पार त्या हाडाला जाऊन टेकलेत. असल्या नाचऱ्या टोकानं मी तिला हात लावायचा? अजिबात नाही.

त्यात सिस्टरनं माझी यादी हलकी केलीय. अवघड नाकं धाकटीकडे, मला तपासणीसाठी घशातले तुकडे काढायचं काम. विचारलं तर म्हणते, "सर, तुम्हाला समितीचं काम आहे ना." म्हातारा समजतात मला.

दादा


२७ जून

प्रिय दादास,

बरं बाबा, तुझंच खरं. हातात धरून मोजू.

सोबत एक डबी पाठवतेय. तिच्यात नखाएवढा सेन्सर आहे. तो हँडपीसच्या मानेला चिकटपट्टीनं लावायचा, वायर डबीत खोचायची आणि लाल बटण दाबायचं. नोंद आतल्या कार्डावर आपोआप होते. हे फक्त अंड्यावर करायचं, पेशंटवर नाही, एवढं ऐक.

एक गोष्ट विसरू नकोस. सुरुवातीला यंत्र बंद ठेवून, अंड्यावर टोक नेऊन, नुसतं धरून राहायचं. सावकाश वीस आकडे म्हण. त्याला आम्ही शून्य घेणं म्हणतो. टेबल हलतंय, पंखा फिरतोय, खालून गाडी गेली, असलं जे काही यंत्राचं नसतं ते त्यात कळतं आणि मग ते वजा करता येतं. तिन्ही यंत्रांना हे कर. आणि धाकट्या डॉक्टरांनाही त्याच टेबलावर तेच करायला लाव. दोन हात असले की तुलना होते.

कार्ड पाठव, मी लगेच बघते. समितीला अधिकृत अहवालही आमच्याच प्रयोगशाळेकडून जाईल, म्हणजे तुझ्या शब्दाला वजन येईल.

शेंबडी विचारतेय, ऑपरेशननंतर पहिला वास कशाचा येतो?

फूटपट्टी


३ जुलै

फूटपट्टीस,

कार्ड पाठवलंय. तुझं शून्यही घेतलंय, कुरकुर न करता. तीन अंडी माझी, तीन धाकटीची. माझी तिन्ही फुटली, आता आलेख बघ आणि मला सांग मी वेडा आहे का ते.

शेंबडीला सांग, पहिला वास बहुतेकांना साबणाचा येतो, कारण इस्पितळात दुसरं काही नसतंच.

दादा


१४ जुलै

प्रिय दादास,

उत्तराला उशीर झाला, कामाचा डोंगर आहे. कार्डावरची नोंद बिघडलेली निघाली, नीट वाचता येत नाही. समितीची घाई करू नकोस.

आणखी एक. शेंबडीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून ऑगस्टमध्ये ऑपरेशन नको असं हिचे बाबा म्हणतात. मग बघू.

तुझी,
फूटपट्टी


१९ जुलै

फूटपट्टीस,

ऑगस्टमध्ये कसली परीक्षा? सुटी आहे म्हणून तर तूच तारीख मागितलीस. मी जावईबापूंना फोन केला. त्या भल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, "हिलाच विचारा" म्हणून त्यानं चक्क फोन ठेवला.

काय चाललंय? यंत्रांचा गोंधळ ऐकून घाबरलीस का? अगं, म्हणूनच तर मी भांडतोय! ज्याचं टोक स्थिर असेल असं यंत्र आल्याशिवाय मी पोरीला टेबलावर घेणारच नाही. भाड्यानं दुसरीकडून आणीन. पण तारीख मोडू नकोस. ते कोंब थांबून राहत नाहीत, आणखी वाढले तर हाडातून आरपार जातील.

कार्ड बिघडलं म्हणतेस, तर डबी अजून माझ्याकडेच आहे. काल पुन्हा सगळं केलंय. दुसरं कार्ड सोबत आहे. समिती एक तारखेला बसतेय. त्याच्या आत मला तुझा कागद हवा, नाहीतर मी माझ्या जबाबदारीवर तिन्ही नाकारतो.

दादा


२४ जुलै

दादा,

पहिलं कार्ड बिघडलेलं नव्हतं. मी खोटं बोलले. दुसरं कार्ड आलं आणि मला आता खोटं बोलायलाही जागा उरली नाही.

मला जे दिसलं ते सांगते, तू मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच. मोटरची थरथर दाट असते, डोळ्याला नुसती जाड रेघ दिसते. ती तिन्ही यंत्रांत हवी तेवढीच आहे. पण तुझ्या नोंदीत तिच्याखाली दुसरी एक लाट आहे, सावकाश, मोठी, एकसारखी. कुठलीही मोटर इतकी सावकाश फिरत नाही. मी आधी पंखा दोषी धरला, मग टेबल, मग इमारत. मग धाकट्या डॉक्टरांची नोंद काढली, तेच टेबल, तोच पंखा. त्यात ती लाट नाही.

आणि दादा, ती तुझ्या शून्यातही आहे. तू पेडल दाबायच्या आधी, यंत्र बंद असताना, नुसता धरून आकडे म्हणत होतास, तेव्हाही ती तशीच आहे. तिन्ही यंत्रांना. दोन्ही दिवशी.

मी स्वतः प्रयोगशाळेतला दुसरा एक हँडपीस सेन्सर लावून हातात धरून बघितला. रोज बघतेय, वेड्यासारखी. माझी रेघ सरळ येते. आप्पांचं मला काही आलं नाही. सगळं तुलाच आलं.

आठवतं ना, आप्पा शेवटी शेवटी वस्तरा गालाला टेकवायच्या आधी हवेत थोडा वेळ धरून ठेवायचे. आपल्याला वाटायचं, ऐट आहे. गिऱ्हाईकं एकेक करून पलीकडच्या दुकानात गेली, कुणी तोंडानं बोललं नाही. आई दुकानाच्या दारात उभी राहून म्हाताऱ्यांना सांगायची, आज यांचं डोकं दुखतंय, उद्या या. आप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले की धंद्यात मंदी आली. मला तुझ्या दारात तसं उभं राहायचं नाही.

पोरीला मागे घेतलं ते मीच. ह्यांचा त्यात काही दोष नाही. मला तुझी भीती वाटली, दादा. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटली. तूच म्हणालास, कागदाएवढं हाड.

कुणातरी नसांच्या डॉक्टरला दाखव. माझं मोजण्यात चुकलं असेल तर मला शिव्या दे, मी नाचेन.

तुझी,
फूटपट्टी


२९ जुलै

महोदया,

स.न.वि.वि.

आपले दि. २४ जुलैचे पत्र मिळाले. तिन्ही यंत्रांचा तपासणी अहवाल आपल्या प्रयोगशाळेने थेट समितीच्या कार्यालयाकडे पाठवावा. खासगी पत्रव्यवहार करण्याचे कारण नाही.

विभागप्रमुख, नाक-कान-घसा


६ ऑगस्ट

दादा,

मारलं असतंस तर बरं झालं असतं. 'आपले पत्र' काय, 'महोदया' काय!

अहवाल गेला. त्यात तिन्ही यंत्रं मर्यादेत आहेत एवढंच लिहिलंय. हाताबद्दल एक अक्षर नाही. तुझ्या नोंदींची दोन्ही कार्डं माझ्या कपाटात आहेत, ती मी कुणाला दाखवणार नाही. पण समितीत तू तिन्ही यंत्रं नाकारली असलीस तरी मला काही करता येणार नाही, आणि उद्या तू कुणा परक्याच्या पोरीला टेबलावर घेतलंस तरीही नाही. मी फक्त मोजू शकते. मोजून झालं की माझ्या हातात काहीच उरत नाही, हे मला या वयात कळतंय.

शेंबडी विचारते, मामा रागावलाय का. मी हो म्हणाले. म्हणाली, माझ्यामुळे? मी उठून भांडी घासायला गेले.

फोन केला तरी चालेल. भांडलास तरी चालेल.

फूटपट्टी


३ सप्टेंबर

दादा,

तुझं काहीच नाही, म्हणून एवढंच कळवते. पोरीला ताप आला होता, डोळा सुजला, कोंबांच्या मागे पू साठलाय म्हणाले. आता थांबता येणार नाही. आम्ही तुझ्याच इस्पितळात येतोय, दुसरीकडे कुठे जाणार? कोण करणार ते तू ठरव. मी काही बोलणार नाही.

तुझी बहीण


९ सप्टेंबर

प्रिय फूटपट्टीस,

तू दोन दिवस बाहेरच्या बाकावर माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होतीस, आणि मला तुझ्याशी पाऊस-पाण्याचंसुद्धा बोलता आलं नाही. घरी आल्यावर पत्र लिहायला बसलो. आपली गत अशीच.

आधी समितीचं. एक ऑगस्टला मी शेरा लिहून नेला होता, तिन्ही नाकारा असाच. तुझा अहवाल टेबलावर होता. सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, वाचण्याआधी घोटभर पाणी प्यावं. पेला उचलला आणि पाणी माझ्याच शेऱ्यावर सांडलं. सिस्टर उठली, तिनं फडक्यानं टिपून घेतलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हिला ठाऊक आहे. केव्हापासून कोण जाणे. यादी हलकी करत होती ती दारात उभी राहून 'उद्या या' म्हणत होती. आई काय नि ही काय. मी म्हटलं, तिन्ही यंत्रं चांगली आहेत, निवड धाकटीनं करावी, कारण वापरायचं तिला आहे. तिनं काटकुळा निवडला.

मग नसांच्या डॉक्टरकडे गेलो. आप्पांचंच आहे. जिवाला धोका नाही म्हणाला, गोळ्या दिल्यात. मी विचारलं, गोळ्यांनी किती फरक पडेल? म्हणाला, कप धरता येईल. पात्याचं मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

तुझ्या पत्राचा राग किती दिवस होता सांगू? अजून आहे. रोज सकाळी उठून हात पुढे धरून बघतो, वाटतं फूटपट्टीचं चुकलं असेल. तू नाचायला तयार होतीस ना, मीही होतो. पण आप्पांना आपल्यापैकी कुणीच सांगितलं नाही, आणि तू मला सांगितलंस. ते तुझ्यावर किती भारी पडलं असेल ते मला तुझ्या 'लाज वाटतेय, पण वाटली' या ओळीवरून कळलं. मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.

आता शेंबडीचं. तुला आत येता येत नव्हतं, म्हणून सांगतो. तीस वर्षं मी त्या खोलीत हात धुऊनच गेलो. त्या दिवशी न धुता गेलो, म्हणजे जवळ जायचं नाही असा नियम. हात कुठे ठेवावेत ते कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे धरले. भूल द्यायच्या आधी पोरीनं मला बोलावलं आणि माझा हात हातात घेतला. म्हणाली, "मामा, किती थरथरतोयस! घाबरू नकोस रे, डॉक्टरताईंना येतं सगळं." मी हो म्हणालो. घाबरलो होतो हेही खरंच होतं.

धाकटीनं काय काम केलं म्हणून सांगू! पडद्यावर मी सगळं बघत होतो. पातं त्या कागदाएवढ्या हाडापाशी गेलं, तिथे थांबलं, आणि जागचं हललं नाही. कोंब एकेक करून असे सुटत गेले की मला ओरडावंसं वाटलं. माझंच शिकवलेलं होतं ते, पण मला आता येत नाही. दोनदा माझा उजवा पाय आपोआप पेडल दाबायला जमिनीवर दाबला गेला. सिस्टरनं पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

काल तिच्या नाकातला बोळा काढला. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. मी तिच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघायला, तर डोळे मिटून तशीच नाक फुगवून हुंगायला लागली, कुत्र्याच्या पिल्लासारखी. म्हणाली, "मामा, तुझ्या हाताला साबणाचा वास येतोय."

मी कुणाला बोललो नाही, तुला सांगतो. माझ्या नावावर आता एकही ऑपरेशन नाही. तरी रोज सकाळी मी थिएटरच्या बेसिनशी जातो आणि कोपरापर्यंत हात धुतो. मग ते कोरडे होईपर्यंत तिथेच उभा राहतो.

तुझा,
दादा